पेडल ठीक, पाय कमजोर

मंडळी, गाडीची काळजी माझ्यापेक्षा जास्त घेणारा माणूस मला दाखवा, मी भर चौकात त्याला सलाम ठोकतो! पण एक अट आहे. त्याच्याकडे तक्ता हवा. 'मी अधूनमधून बघतो हो' असलं काही चालणार नाही.

माझ्याकडे तक्ता होता. सत्तावीस चौकटींचा, हातानं आखलेला, लाल आणि निळ्या शाईतला, पार्किंगच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला! वायपर, हॉर्न, पुढचे दिवे, मागचे दिवे, टायरची हवा, स्टेपनीची हवा. अठरावी चौकट ब्रेक ऑइलच्या पातळीची. एकोणिसावी ब्रेकच्या पेडलची. सत्ताविसावी आणि शेवटची, गाडीखालची फरशी कोरडी आणि स्वच्छ. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मी कानावर पेन खोचून खाली उतरायचो आणि पावणेदहाला सत्तावीस बरोबरच्या खुणा करून वर यायचो. सहा वर्षांत एकही चौकट रिकामी राहिली नाही.

हे माझ्या रक्तातच आहे, कारण नोकरीनं मी तपासनीस. ऑफिसं, गोदामं, कारखाने इथली आग विझवायची नळकांडी, धोक्याच्या घंटा, संकटात बाहेर पडायचे जिने हे सगळं तपासायचं आणि सही करायची. माझी सही असलेल्या इमारतीत माणूस निर्धास्त झोपू शकतो, आणि काही ऑफिसांत झोपतातही.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. सासूबाई गेल्यावर बायकोनं त्यांना आमच्याकडे आणलं. अण्णांनी चौतीस वर्षं बस चालवली आणि चौतीस वर्षांत बसला साधा ओरखडा नाही. माणूस मोजकं बोलणारा. मला 'जावईबापू' म्हणतात, आणि त्यात मान किती आणि थट्टा किती हे मला आजवर कळलेलं नाही.

अण्णांच्या आठवड्यात खरा दिवस एकच, बुधवार. त्यांच्या बसवर एकोणतीस वर्षं एकच कंडक्टर होता. ते कंडक्टरकाका आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतात. ऐकू जवळजवळ येत नाही, पण आवाज मात्र अजून भरल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचेल असा! दर बुधवारी चारला अण्णा माझी गाडी घेऊन टेकडीवर जायचे, काकांना मागच्या सीटवर बसवायचे (पुढे बसायला काका तयार नसत, कंडक्टर मागेच असतो म्हणे) आणि जुन्या मार्गावरून तासभर फिरवून आणायचे. थांबा आला की काका पुढच्या सीटच्या पाठीवर बोटानं टक करायचे. एक टक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अण्णा खरोखर थांबायचे. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, असं बघून दोघं पुढे निघायचे. मी याला पोरखेळ म्हणायचो. पण बुधवारी संध्याकाळी अण्णा जिना चढताना गुणगुणत यायचे, ते मलाही आवडायचं.

आठेक महिन्यांपूर्वी एका बुधवारी ते न गुणगुणता आले.

"जावईबापू, ब्रेक मऊ लागतोय."

"मऊ? ब्रेक काय पाव आहे का, मऊ लागायला?"

"पेडल खाली जातंय. पूर्वी इतकं जात नव्हतं."

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं आणि तक्त्यासमोर उभं केलं. "ही अठरावी चौकट. ब्रेक ऑइल. दर रविवारी पातळी बरोब्बर रेषेवर! केसभर खाली नाही. आणि ही एकोणिसावी. पेडल ठीक."

"अहो, पण पायाला जाणवतंय."

"मग पाय," मी म्हणालो.

"पाय काय?"

"पाय कमजोर झाला असेल, अण्णा. वय होतंच की माणसाचं."

मंडळी, मी हे प्रेमानं म्हणालो होतो, अगदी शपथेवर सांगतो! अण्णा बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत उभे राहिले. जणू तो पाय कुणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता आणि त्यांच्याकडून हयगय झाली होती.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय वाकवला, ताणला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली आणि म्हणाले, पाय झकास आहे. मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही तक्ता बघितलेला नाही."

अण्णा हट्टी. घोट्याला दोन किलो मिठाची पिशवी बांधून रोज सकाळी बाल्कनीत शंभर वेळा पाय वर, शंभर वेळा खाली! दोन महिने त्यांनी हे केलं. पायाची पोटरी टणक झाली, पेडल मात्र दर बुधवारी आणखी थोडं खाली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"उद्या कुणाला लागलं तर? नकोच ते," एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

तेव्हापासून बुधवारी चारला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत नुसते बसून राहायचे. आणि साडेचारला फोन वाजायचा. काकांना पलीकडचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे ते उत्तराची वाटच बघत नाहीत. "ड्रायव्हर! गाडी का आली नाही? इथे प्रवासी खोळंबलेत!" एवढं ओरडून फोन खाली. अण्णा रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहायचे. मला वाईट वाटायचं हो. पण सुरक्षितता म्हणजे सुरक्षितता!

तुम्ही विचाराल, मग तुम्ही स्वतः गाडी चालवत नव्हता का? चालवत होतो की! रोज ऑफिसला! फक्त मी ब्रेक दोनदा दाबायचो. पुढे पुढे तीनदा. सावध माणूस ब्रेक असाच दाबतो, असं मी ऑफिसात चार जणांना शिकवलंही होतं.

असे सहा महिने गेले आणि एका बुधवारच्या फोननंतर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, मला बघवत नाही. दोघंही झुरतायत. काहीतरी करा."

"करतो!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "पुढच्या बुधवारी अर्धी रजा टाकतो. गाडी मी चालवतो, अण्णा शेजारी, काका मागे. अख्खा मार्ग फिरवून आणतो!"

मनात आलं, असा जावई मिळायला भाग्य लागतं.

बुधवारी आम्ही निघालो. बायकोही मांडीवर डबा घेऊन मागे बसली. टेकडी चढताना सगळं छान होतं. चढावर ब्रेक लागतोच कुठे! काका फाटकाशीच उभे होते, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. अण्णांना बघून त्यांनी फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"सहा महिने उशीर!" ते गरजले आणि मागे बसले. अण्णा हसले. सहा महिन्यांनी हसले. मग काकांनी दोनदा टक केलं आणि आम्ही उताराला लागलो.

पहिल्या वळणाआधी काकांनी टक केलं. जुना थांबा. मी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं. गेलं ते गेलंच, थेट तळाला टेकलं! मी दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. गाडी आपली निवांत थांब्यावरून पुढे चालली होती.

"थांबा गेला!" काका ओरडले.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "माझाही पाय कमजोर झाला."

अण्णांनी वाकून माझ्या पायाखाली बघितलं.

"पाय नाही. ब्रेक गेलाय."

"गेला? असा कसा जाईल? परवा रविवारी खूण केलीय मी!"

"तिसरा टाका."

"तिसरा काय?"

"गिअर! चौथ्यात आहात. तिसरा टाका आणि पेडल मारत राहा."

आता मंडळी, अशा वेळी माणसाचे हात आपलं ऐकत नाहीत. मी गिअरकडे जायला निघालो आणि वायपर चालू केले. मग काचेवर पाण्याची पिचकारी मारली. मग एक इंडिकेटर, मग दुसरा, मग हॉर्न. तक्त्यातल्या चौकटी एकापाठोपाठ एक चोख काम करत होत्या! फक्त अठरावी आणि एकोणिसावी सोडून.

"अहो, थांबवा ना गाडी! काकांना उतरायचंय!" बायको मागून म्हणाली.

"मलाही उतरायचंय!" मी किंचाळलो.

काकांनी पुन्हा टक केलं. दुसरा थांबाही गेला. "प्रवासी तक्रार करतील हं, ड्रायव्हर!" ते म्हणाले.

अण्णांनी माझा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वरून दाबून तिसरा टाकला. गाडीनं हिसका दिला. मग त्यांनी हँडब्रेक धरला. एकदम ओढला नाही. बटण दाबून थोडा ओढायचे, थोडा सोडायचे, पुन्हा थोडा ओढायचे. "आता दुसरा," ते म्हणाले. इंजिन भोकाड पसरल्यासारखं ओरडलं. माझ्या मते गाडी त्या वेळी ताशी शंभराच्या वेगात होती. अण्णा नंतर म्हणाले, तीस. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, हे मात्र मलाही आठवतं.

उताराच्या पायथ्याशी मोठा चौक आहे. सिग्नल लाल होता. गाड्यांची रांग उभी होती आणि पुढे माणसं रस्ता ओलांडत होती. कुणी पिशव्या घेऊन, कुणी हातात हात धरून. तेव्हा माझी ऐट, माझा तक्ता, सगळं डोक्यातून गेलं. मला फक्त ती माणसं दिसत होती आणि मला खरोखर रडू येत होतं.

"चौकाच्या आधी लाँड्रीचा फाटा आहे," अण्णा म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "तिथं चढ आहे. वळा."

"वळू?"

"वळा. मी आहे."

मी वळलो. ती हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे, पुढे चढावर मोठं अंगण आणि अंगणभर दोऱ्या. गाडी चढाला लागताच वेग उतरला, अण्णांनी हँडब्रेक ओढत आणला आणि आम्ही चादरींत शिरलो. पहिली चादर काचेवर आली. दुसरी टपावर. तिसऱ्या रांगेनंतर मला जगात काहीच दिसत नव्हतं. मग एक मऊ धप्प असा आवाज आला आणि गाडी कपड्यांच्या गाठोड्यांना टेकून उभी राहिली.

सगळं शांत झालं. फक्त वायपर चालू होते, आणि काचेवरची चादर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होती.

काकांनी दार उघडलं, खाली उतरले आणि बायकोसाठी दार धरून उभे राहिले. "शेवटचा थांबा! सावकाश उतरा, गर्दी करू नका!"

लाँड्रीची मालकीण कमरेवर हात ठेवून समोर आली. मी चादरीतून डोकं बाहेर काढलं.

"आत्ता वाळत घातल्या होत्या!" ती ओरडली. "सकाळपासून धुतोय आम्ही!"

"बाई, ब्रेक निकामी झाला हो..."

"मग तपासून घेता येत नाही गाडी?"

"तपासली होती!"

"कुणी?"

मी डोकं पुन्हा चादरीत घातलं.

काकांना रिक्षानं वृद्धाश्रमात पोहोचवलं आणि गाडी टो करून गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकनं ती वर उचलली, टॉर्च घेऊन खाली गेला आणि दोन मिनिटांत हाक मारली. "साहेब, हे बघा."

मी उभ्या जागेवरून मान लांब केली.

"तिथून नाही दिसायचं. खाली या."

मी खाली गेलो. सहा वर्षांत आपली गाडी खालून कशी दिसते हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मागच्या चाकाजवळ बोटाएवढी बारीक नळी होती, ब्रेक ऑइल वाहून नेणारी. गंजून तिचे पापुद्रे सुटले होते. मेकॅनिकनं नखानं खरवडलं, तर पापुद्रा त्याच्या बोटालाच चिकटून आला.

"चाकावरचा चिखल-पाणी उडतं ना इथं. आज फुटली, पण झिरपतेय सात-आठ महिने तरी. सर्व्हिसिंग कधी केलं होतं?"

"मी स्वतःच तपासतो दर रविवारी, त्यामुळे..."

"म्हणजे कधी?"

"दोन वर्षं झाली," बायकोनं मागून सांगितलं.

"पण झिरपणं अशक्य आहे!" मी उसळलो. "दर रविवारी ऑइल रेषेवर असतं! एकही रविवार चुकलेला नाही!"

मेकॅनिकनं टॉर्च बंद केला. "तेच मला कळत नाहीये. नळी गळतेय आणि ऑइल रेषेवर? मग कुणीतरी भरतंय, साहेब."

मी हसलो. "आमच्या घरी? कोण भरणार? अण्णा?"

"मी भरलं असतं तर मला तेव्हाच कळलं नसतं का, गळतंय ते?" अण्णा म्हणाले.

एवढ्यात मागून बारीक आवाज आला. "मी."

बायको. हातात लाँड्रीतल्या मळलेल्या चादरींचं बोचकं घेऊन उभी होती.

"तू काय?"

"मी भरायची. शनिवारी संध्याकाळी, तुम्ही बातम्या बघत बसता तेव्हा."

"अगं, पण का?!"

"का म्हणजे? चार वर्षांपूर्वी वायपरचं पाणी कमी निघालं होतं, आठवतं? पाणी भरून खूण केलीत, पण नंतर दिवसभर घर डोक्यावर घेतलंत! जेवला नाहीत, अण्णांना भाषण, मला भाषण, शेजाऱ्यांना भाषण! तेव्हापासून मी शनिवारीच सगळं बघून ठेवते. पाणी, हवा, ऑइल. दुकानदाराला विचारून बरोबर तीच बाटली आणली. मला वाटलं, गाडी पीत असेल थोडंथोडं."

"आणि खाली फरशीवर डाग पडला नाही तो?"

"पडायचा की! रोज सकाळी साबणानं पुसायची. सत्ताविसावी चौकट."

मेकॅनिक एका टायरकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"अगं, ती तपासणी होती! काय आहे ते बघण्यासाठी!"

"तुम्हीच तर सांगता कौतुकानं. ऑफिसं-कारखान्यांना तुम्ही आठ दिवस आधी पत्र पाठवता, मग तुम्ही जाता तेव्हा सगळं कसं लखलखीत असतं. मला तर तुमची तारीख वर्षभर आधीच ठाऊक असते."

मंडळी, मला एकदम घाम फुटला. डोळ्यांसमोरून माझे सगळे कारखाने सरकले. तेलानं पुसलेली नळकांडी, ओल्या रंगाचा वास येणारे जिने, अदबीनं उभे असलेले मॅनेजर, आणि मधोमध कानावर पेन खोचलेला मी! प्रत्येक ठिकाणी मला किती समाधान वाटलं होतं.

बायकोचा आवाज मात्र आता बदलला होता. "म्हणजे अण्णांना ब्रेक मऊ लागत होता तो..." ती अण्णांच्या पायाकडे बघू लागली.

अण्णा मेकॅनिककडे वळले. "आठ महिन्यांपूर्वी हे पेडल मऊ लागलं असतं का हो?"

"लागलंच असतं. पण सुरुवातीला सगळ्यांना नाही कळत. ज्याचा पाय तयार आहे त्यालाच कळतं."

अण्णांनी मान डोलावली. कुणाकडेच न बघता म्हणाले, "मला वाटलं, आपण संपलो."

बायको हुंदके देत त्यांच्याजवळ गेली. "माझ्यामुळे झालं, अण्णा."

"तू कधी कुठलं काम अर्धवट करतेस का," अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "लहानपणापासून तशीच आहेस."

माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "अण्णा, चूक माझी आहे. तुमच्या पायानं सांगितलं ते मी कागद बघून खोडून काढलं." लग्न झाल्यापासून 'चूक माझी' हे शब्द मी बायकोसमोर पहिल्यांदाच उच्चारले असावेत, कारण ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"एक सांगू, साहेब?" मेकॅनिक म्हणाला. "ऑइल कमी झालं तर नुसतं भरू नका, कुठे गेलं ते शोधा. आणि वर्षातून एकदा तरी खालून नळ्या दाखवून घ्या. वरून काही दिसत नाही."

मी 'हो' म्हणालो. कानावरचं पेन हळूच खिशात घातलं.

पुढचे तीन रविवार सकाळी नऊ वाजता मी लाँड्रीच्या अंगणात चादरी धुवून, वाळवून, घड्या घालत होतो. मालकिणीची अटच होती तशी. ती कधी मागून येईल याचा नेम नसे. आली की एक घडी उलगडायची, कोपऱ्याला कोपरा जुळतोय का बघायची आणि "पुन्हा!" म्हणून निघून जायची. पहिल्या रविवारी माझ्या अर्ध्याअधिक घड्या परत आल्या.

नव्या नळ्या बसून गाडी घरी आली. त्या बुधवारी दुपारी मी किल्ली अण्णांसमोर धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"आधी बघू," ते म्हणाले. जुनी सतरंजी घेऊन खाली आले, ती अंथरली आणि या वयात सरळ गाडीखाली सरकले! "बसा आत आणि ब्रेक दाबून धरा. सांगेपर्यंत सोडू नका."

मी दाबून धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ते खालून टॉर्चनं एकेक जोड बघत होते, बोट फिरवून ओल लागते का पाहत होते. माझा पाय लटपटायला लागला.

"अण्णा, झालं का? पाय थरथरतोय."

"मिठाची पिशवी बाल्कनीतच आहे, जावईबापू," खालून आवाज आला.

मग ते बाहेर आले, हात पुसले आणि किल्ली घेतली.

चारला आम्ही टेकडीवर होतो. अण्णा स्टिअरिंगला, बायको पुढे, आणि मी मागे काकांच्या शेजारी. उतार लागला. काकांनी टक केलं आणि गाडी थांब्यावर अशी हळुवार उभी राहिली की बायकोच्या मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही. अण्णांनी एकदाच दाबला होता ब्रेक.

काका मात्र मघापासून मला न्याहाळत होते. मग गाडीच काय, अख्खा रस्ता ऐकेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर! हे तुमचे जावई ना? गाडी चालवता येत नाही, ते कळलं! मग करतात काय?"

अण्णा मागे वळले. काकांना ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले, "त-पा-स-नी-स."

काका दचकून सावरून बसले. कॉलर नीट केली, खिसे चाचपले, छातीवर पूर्वी बिल्ला असायचा तिथं हात नेला. "तपासनीस? असे अचानक चढले? न कळवता?"

"नाही, नाही," अण्णांनी मान हलवली. "हे कळवून येतात. आठ दिवस आधी."

काका विचारात पडले. चांगलं अर्धं मिनिट पडले. फुटपाथवरून जाणारे दोघंतिघंही थांबून आमच्याकडे बघत होते.

"कळवून?" काका गरजले. "मग सापडतं काय?"

अण्णांनी पटकन पुढे तोंड वळवलं. बायकोनं डब्यात काहीतरी शोधायला घेतलं. काकांनी दोनदा टक केलं, गाडी निघाली, आणि मी खिडकीबाहेर बघत माझा थांबा किती लांब आहे त्याचा अंदाज घेऊ लागलो.